आराम नगरच्या दारातल्या मुलाला

अरे बाळा,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहिते आहे. वर्सोव्याच्या आराम नगरात, ऑडिशन चालणाऱ्या एका बैठ्या बंगल्याच्या दाराशी वही घेऊन बसलेला तू. आणि गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, असं करत मोरपंखी पैठणी सावरत आलेली मी.

‘मसाल्याची जाहिरात, आईचा रोल’ एवढाच निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर होता. आई म्हणजे पैठणी, असं मला का वाटलं कोण जाणे! वीस वर्षं हौशी नाटकं केली. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत दिसावं लागतं, त्याची खोड.

दारातूनच ‘नॉट फिट’, म्हणजे रोलला शोभत नाही, असं ऐकून परत फिरायची मला सवय झाली होती. तूही तेच म्हणालास. पण मग हळूच मराठीत म्हणालास, “काकू, ही आई सकाळी सात वाजता डबा भरतेय. लग्नाला नाही निघालेली.”

राग आला, खरं सांगते. पण तू मागे रांग असतानाही समजावत राहिलास. आतली भिंत निळी, मोरपंखी तिच्यात बुडणार. पैठणीची जर लाइटखाली चमकते, चेहऱ्याकडे लक्षच जात नाही. बांगड्या माइकमध्ये वाजतात. बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरते, हे तर मी जन्मात ऐकलं नव्हतं. “साधा, एका रंगाचा कुर्ता घ्या. लंचनंतर या, तुमचं नाव यादीत ठेवतो.”

जवळच्या ‘चार बंगला’ भागातल्या बाजारात साडेतीनशेला हळदी रंगाचा सुती कुर्ता आणि लेगिंग मिळाली. बदलायला तू सामानाची खोली उघडून दिलीस. तिथे पिना काढताना मला माझंच हसू येत होतं.

कॅमेऱ्यासमोर इंट्रो दिला, म्हणजे स्वतःची ओळख सांगितली; डावी-उजवी प्रोफाइल दिली, म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या. निघताना तू बजावलंस, “शॉर्टलिस्ट झालात तर हाच कुर्ता घालून या. जाहिरातवाल्यांनी तुम्हाला यातच पाहिलेलं असतं.” झाले शॉर्टलिस्ट! जाहिरात मात्र दुसरीलाच मिळाली.

पुढे टूथपेस्टची एक मिळाली. चार सेकंद दिसते मी त्यात, तेही त्यांनीच दिलेल्या साडीत. पण ऑडिशनला हळदी कुर्ताच होता. आता रंग उडालाय त्याचा, तरी पिशवीत असतोच.

खूप खूप आभार, बाळा. पैठणीला त्या दिवशी लागलेला चिखल काही निघाला नाही. भेटलास की ड्रायक्लीनिंगचे अर्धे पैसे तुझ्याकडून घेणार आहे.

तुझी,
पैठणीवाली काकू