ताई, तू तेव्हा सरळ विचारलंस म्हणून

ताई,

आज १० सप्टेंबर, आत्महत्या प्रतिबंध दिन. २००३ पासून जगभर पाळतात हे पण मला तुझ्याकडूनच कळलेलं. तीन वर्षं झाली पण तुला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलंय, फोनवर म्हणायला गेलो की तू विषय बदलतेस, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

आठवतंय ना, मी माझे हेडफोन तुला देऊन टाकले होते, "मला नकोत आता, तू वापर" म्हणून. त्याच्या आधी जॅकेट रूममेटला आणि पुस्तकं ज्युनियरला दिली होती. सगळे म्हणाले काय दिलदार पोरगा आहे. तू एकटीच हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत थोडा वेळ गप्प बसलीस आणि मग विचारलंस, "जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?" इतकं सरळ, आवाज पण बदलला नाही तुझा. मी हो म्हणालो. तेव्हा रडू नाही आलं, झोप आली, इतका थकलो होतो मी ते लपवून लपवून.

लोकांना वाटतं असं विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेलं भरवू. तसं होत नाही, संशोधनात हे परत परत दिसलंय. माझं तर उलट होतं, कुणी विचारतच नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तू "आई-बाबांचा विचार कर" असं म्हणाली नाहीस. नंतर ज्यांना कळलं ते सगळे तेच म्हणाले. अरे, मी दुसऱ्या कुणाचा विचार करत होतो? घरातला मोठा मुलगा, शिक्षणासाठी बाबांनी काढलेलं कर्ज, दोनदा नापास आणि घरी काहीच सांगितलेलं नाही. मला अगदी मनापासून वाटायचं की मी नसलो तर ते सुटतील. तू म्हणालीस हा हिशोबच खोटा आहे, दुखणं बोलतंय हे, तू नाही. मग जॉइनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं सांगितलंस, २००५ साली त्याने मांडलंय की आपण सगळ्यांना ओझं झालोय आणि आपलं असं कुणी नाही, या दोन भावना एकत्र आल्या की मरावंसं वाटायला लागतं. मी चाट पडलो, माझ्या डोक्यातलं कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. आणि तो समाजशास्त्रज्ञ दुर्खीम, १८९७ मध्येच सांगून गेलाय की माणसं एकमेकांपासून फार सुटली तरी धोका आणि समूहाने माणसाला फार जखडलं तरी धोका.

संस्कारांचं तसंच आहे बघ. घरच्यांना धरून राहायचं, आपल्यामुळे कुणाला मान खाली घालायला लागू नये, पुरुषाने रडायचं नाही, यातल्या काहींनी मला लहानपणापासून सांभाळलं आणि त्यांनीच तेव्हा माझी कोंडी केली. जगात १५ ते २९ वयात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसरी आहे आणि पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुप्पट, हे आकडे मी नंतर वाचले तेव्हा मला आधी ते "रडायचं नाही"च आठवलं. पण तू मला हे सगळं टाकून दे असं पण म्हणाली नाहीस. म्हणालीस, "घराशी नातं तोडू नको, त्या नात्यात मार्कशीट घुसलीये ती फक्त बाहेर काढ." हे मी अजून धरून आहे.

मग म्हणालीस, हे मी गुपित ठेवणार नाही. पंधरा दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, आज त्याची लाज वाटते. तरी तू समुपदेशकाकडे सोबत आलीस आणि तासभर बाहेर बसलीस. कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलास, विचार यायला लागले की आधी काय करायचं, मग कुठे जाऊन बसायचं, मग कुणाला फोन, सगळ्यात शेवटी हेल्पलाइन आणि डॉक्टर. तो कागद मी चार वेळा वापरलाय. कुणी आत्ता तिथे असेल जिथे मी होतो, तर आजच एका माणसाला सांगा, प्लीज.

बाबा आले त्या दिवशी तू मुद्दाम निघून गेलीस म्हणून तुला माहीत नाही. ते फार बोलले नाहीत. माझ्या बॅगेची अडकलेली चेन घेतली आणि मेणबत्ती घासून घासून अर्धा तास नीट करत बसले, मग खाली बघूनच म्हणाले, "पैसे गेले तर गेले रे, तू घरी ये."

ताई, हेडफोन घेताना तू म्हणाली होतीस, "ठेवते, पण तुझे म्हणूनच. मागशील तेव्हा देईन."

शनिवारी येतोय घ्यायला.

तुझा भाऊ