अशरच्या वाड्याची भेग

डब्लिन

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

एडगर ॲलन पोच्या अशर घराण्याच्या कथेची सचित्र आवृत्ती तू करते आहेस, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. कथा १८३९ची. तिची चित्रं काढताना वटवाघळं आणि कवट्यांची गर्दी करू नकोस. कथेत ती नाहीतच. खरी भीती आहे त्या भेगेत. छतापासून नागमोडी उतरत तळ्याच्या पाण्यात नाहीशी होणारी, जेमतेम दिसणारी भेग पो सुरुवातीलाच दाखवून ठेवतो. शेवटी तिच्यातूनच लालभडक चंद्र दिसतो आणि वाडा कोसळतो. म्हणून पहिल्या चित्रात ती हवीच, पण इतकी पुसट की कथा संपल्यावर वाचकाने पानं मागे उलटून ती शोधावी.

ही भेग जोडपानाच्या बरोबर मध्यावर काढायचा मोह होईल. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पानं पाठीला गोंदाने चिकटवलेली बांधणी, असेल तर तसं करू नकोस. पुस्तक सपाट उघडत नाही, आतली कड बांधणीत जाते आणि नेमकी भेगच गायब होते. मध्यापासून निदान १५ मि.मी. बाजूला घे. फॉर्म, म्हणजे एका तावाची घडी घालून होणारे पानांचे गठ्ठे, शिवून बांधणार असतील तर मध्यावर चालेल, तेही फॉर्मच्या अगदी मधल्या जोडपानावरच. इतर ठिकाणी समोरासमोरची पानं कागदावर लांब लांब छापलेली असतात. घडीत जरा फरक पडला की रेघ जुळत नाही.

इथल्या हॅरी क्लार्कची चित्रं जरूर बघ. १९१९मध्ये लंडनच्या हॅरप प्रकाशनाने काढलेल्या पोच्या कथासंग्रहात ती आहेत. क्लार्क मुळात रंगीत काचेच्या खिडक्या करणारा. खिडकीत काचेच्या तुकड्यांभोवती शिशाची काळी पट्टी असते, तसाच त्याचा काळा रंग आकृतीला धरून ठेवतो. त्या भरगच्च काळ्यातली बारीक पांढरी नक्षी मात्र जपून उचल. नॅचरल शेडच्या, म्हणजे फिकट पिवळसर, बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरते; काळी रेघ जाड होते आणि पांढरी बुजते. छापील मापाला काळी रेघ ०.२ मि.मी. चालेल, काळ्यातली पांढरी ०.३च्या खाली नको. डेमी आकाराच्या पुस्तकासाठी मूळ चित्र दीडपट काढशील तर हीच मापं ०.३ आणि ०.४५ होतील.

स्कॅन बिटमॅप, म्हणजे निव्वळ काळा-पांढरा हवा, छापील मापाला १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके). ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांची फाइल दिलीस तर प्रेसमध्ये तिच्यावर ठिपक्यांची जाळी (स्क्रीन) पडते आणि रेघेची कड ठिपक्याठिपक्यांची होते. मोठा काळा भाग शाईच्या एकाच थरात करडा वाटतो, तेव्हा पुस्तकाच्याच कागदावर प्रूफ मागून घे. गुळगुळीत आर्ट पेपरवरच्या प्रूफवर विसंबू नकोस.

आणि शेवटी दारात उभी राहिलेली मॅडेलिन, अशरची जिवंतपणी पुरलेली बहीण! ते चित्र उजव्या पानावर आलं, तर डावं पान वाचायच्या आधीच ती दिसते आणि पोने रचत आणलेले सगळे आवाज वाया जातात. दार उघडतं ते वाक्य उजव्या पानाच्या तळाशी संपव, चित्र पान उलटल्यावर डावीकडे. मजकूर त्यासाठी चार-पाच ओळी मागेपुढे करावा लागेल, म्हणून चित्रं शाईत घ्यायच्या आधी १६ पानी फॉर्मची डमी, म्हणजे कच्ची नमुना-प्रत, घडी घालून बनव आणि तिचे फोटो मला पाठव.

तुझी,
मावशी