झेंडा उलटा लागलाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छंदांवरचं जे पान होतं त्यात शिडाच्या जहाजाच्या एका प्लास्टिक मॉडेलचा फोटो होता आणि खाली ‘हुबेहूब प्रतिकृती’ असं लिहिलेलं. मॉडेल छानच आहे, रंगकाम तर माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण फोटो परत एकदा काढून बघा. तिन्ही डोलकाठ्यांवरची शिडं पुढच्या बाजूला टम्म फुगलीत, शिडांच्या आडव्या काठ्या जहाजाला काटकोनात आहेत, म्हणजे वारा सरळ मागून येतोय. आणि जहाजाच्या मागच्या टोकाचा झेंडा मागेच फडकतोय! वारा मागून असेल तर झेंडा पुढे जाणार ना? जहाज वाऱ्याच्या जोरावर चालतंय, वाऱ्याच्या पुढे ते पळू शकत नाही.

नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये, कारण हीच चूक मी स्वतः केली होती. पहिलं मॉडेल पूर्ण झालं तेव्हा मोठ्या कौतुकानं मामांना दाखवायला नेलं. मामा देवगडचे, तरुणपणी शिडाच्या मचव्यावर काम केलेले. त्यांनी चष्मा लावला, नुसतं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “काय रे, तुझ्या गलबताक वारो दोन बाजूंसून लागता?” तीन महिन्यांची मेहनत एका वाक्यात पाण्यात. आपण सगळे मोठे झालो ते स्टीमरची, मोटरलाँचची चित्रं बघत, तिचं इंजिन तिला पुढे ढकलतं म्हणून झेंडा मागे जातो, आणि तेच चित्र डोक्यात घट्ट बसलंय.

दुसरी गोष्ट, त्याच पानावर कोणीतरी म्हटलंय की लाकडी मॉडेल म्हणजे खरी कारागिरी, प्लास्टिकचं म्हणजे काय, तुकडे जोडायचे आणि झालं. सांगाड्यापुरतं हे थोडंफार खरं आहे, मी मान्य करतो. दोन अर्धे चिकटवले की जहाजाचं पोट तयार. पण सांगाडा म्हणजे पाव काम, खरं काम दोरांचं, आणि मॉडेल जितकं लहान तितकं ते अवघड होत जातं. इंग्लंडात पोर्ट्समथला जे व्हिक्टरी जहाज आहे, १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईतलं इंग्रज आरमारप्रमुख नेल्सनचं, १०४ तोफांचं, त्याच्यावर सुमारे ४२ किलोमीटर दोर असायचा. रेवेल कंपनीचं त्याचं छोटं किट १:२२५ मापाचं आहे, म्हणजे खऱ्याच्या सव्वादोनशेव्या हिश्शाएवढं. आता हिशोब करा, खऱ्या जहाजावर अडीच सेंटिमीटर जाड असलेला दोर ह्या मापात येतो ०.११ मिलिमीटर, म्हणजे जवळपास केसाएवढा. खलाशी वर चढायचे त्या दोराच्या शिड्या (शिडं वेगळी, शिड्या वेगळ्या, आमच्या घरी नेहमी गोंधळ होतो), त्यांच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर साधारण ३८ सेंटिमीटर असायचं, इथे ते होतं १.७ मिलिमीटर. किटमध्ये ह्या शिड्या प्लास्टिकच्या ओतलेल्या येतात आणि त्या इतक्या जाड असतात की जहाजाला खिडकीचं ग्रील लावल्यासारखं दिसतं.

मी काय करतो ते सांगतो. पुठ्ठ्यावर शिडीचा आकार काढायचा, उभे दोरे ताणून टेपनं चिकटवायचे, मग आडवे बारीक दोरे एकेक टाकत जायचं आणि पाणी घातलेलं फेविकॉल ब्रशनं लावायचं. खऱ्या जहाजावर प्रत्येक ठिकाणी गाठ असते, ह्या मापात गाठ मारली की तिथे पेरू लटकल्यासारखा दिसतो, म्हणून गाठीच्या भानगडीत पडायचं नाही. वाळलं की कडेचे धागे नेलकटरनं कापायचे, कात्रीपेक्षा नेलकटर कधीही बरा, अगदी कडेला लागतो. दोरा सुती नको, त्याला लव असते, लहान मापात ती लव केसाळ सुरवंटासारखी दिसते. पॉलिएस्टरचा घ्या आणि मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या. मेणबत्तीचं मेण चालत नाही, भुगा पडतो. मासे पकडायचा तंगूस वापरून बघितला, तो गाठ धरत नाही आणि मनात येईल तेव्हा सुटून तोंडावर येतो.

सगळ्यात बारीक दोरांसाठी किटची फ्रेमच (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) कामाला येते. फ्रेमचा तुकडा पणतीच्या ज्योतीवर, ज्योतीत नाही, वर धरून फिरवायचा, मऊ पडला की बाहेर काढून दोन्ही हातांनी ओढायचा, केसासारखी तार निघते. ती लावल्यावर सैल वाटली तर पेटलेली अगरबत्ती जवळ न्यायची, जवळ म्हणजे टेकवायची नाही, तार आपोआप आक्रसून ताठ होते. एकदा जास्त जवळ नेली आणि तार तर तुटलीच, शेजारच्या तीनपण गेल्या. बायको म्हणाली देवाला लावायची अगरबत्ती जहाजाला लावल्यावर आणखी काय होणार.

मुद्दा असा की सगळे दोर ह्या मापात बसूच शकत नाहीत, काही सोडावे लागतात, आणि कुठले सोडायचे हे कळायला कुठला दोर काय करतो ते माहीत हवं. डोलकाठीला चारी बाजूंनी धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले, काळे, ते सोडायचे नाहीत. शिडं हलवणारे दोर मळकट तपकिरी, त्यातले आडवी काठी वर उचलणारे, तिला तोलून धरणारे आणि वाऱ्याप्रमाणे फिरवणारे एवढे मी ठेवतो, शिड गुंडाळायचे बारीक दोर सोडून देतो. दोघांचा रंग वेगळा ठेवला की दुरूनसुद्धा मॉडेल जिवंत वाटतं. आणि किटमधली ती पातळ प्लास्टिकची फुगलेली शिडं आवडत नाहीत म्हणून बरेच जण शिडं लावतच नाहीत, ठीक आहे, पण मग वरच्या आडव्या काठ्या खाली आणा ना! शिड उघडायचं असेल तेव्हाच ती काठी वर चढवायचे, गुंडाळलं की खाली. उघड्या डोलकाठीवर सगळ्या काठ्या टोकाला चढवलेल्या, हे झेंड्याच्या चुकीचंच सख्खं भावंड.

एक चूक अजून माझी. पहिल्या मॉडेलला डोलकाठ्या पुढे ओढणारे दोर आधी लावले, मागचे राहूदे नंतर बघू म्हटलं, आणि दोरा सुती. जूनमध्ये हवा दमट झाली, सुती दोरा ओल धरून आखडला, आणि वरची प्लास्टिकची डोलकाठी पुढे नमस्कार घातल्यासारखी वाकली. तेव्हापासून वरच्या टोकाची डोलकाठी मी माडाच्या हिराची करतो, खराट्यातली चांगली सरळ काडी निवडायची, ती निमुळती असतेच, फक्त तासून रंगवायची, आणि दोर आतून बाहेर, खालून वर आणि दोन्ही बाजूंनी सारखे ओढत लावायचे.

ही छोटी किटं काही आजची नाहीत. एअरफिक्स कंपनीनं १९५२ साली इंग्रज दर्यावर्दी ड्रेकच्या गोल्डन हाइंड जहाजाचं किट काढलं, ते इंग्लंडमध्ये वूलवर्थच्या दुकानात २ शिलिंगला मिळायचं, आणि मग त्या मालिकेत अजून जहाजं आली. त्यातलंच जुनं शॅनन भाच्यानं तिकडून आणून दिलं, सध्या तेच टेबलावर आहे, सांगाडा वीतभराहून लहान. १८०६ साली पाण्यात उतरलेली ही इंग्रजांची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान लढाऊ नौका, १ जून १८१३ ला बॉस्टनजवळ अमेरिकेचं चेसापीक जहाज हिनं अर्ध्या तासाच्या आत ताब्यात घेतलं. पण मी ती निवडली वेगळ्या कारणासाठी. शॅनन लेडा वर्गातली, वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजं, ह्या वर्गाचा आराखडा मुळात इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडलेल्या एका फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला, आणि त्याच वर्गाची एक फ्रिगेट आपल्या मुंबईच्या गोदीत झाली, सागवानाची. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडली, नाव ट्रिंकोमाली. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. तिचा आराखडा मुंबईला यायला उशीर झाला, कारण ज्या जावा नावाच्या जहाजातून तो निघाला ते १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन नावाच्या जहाजानं लढाईत हरवलं. ट्रिंकोमाली आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे, अजून पाण्यावर तरंगतेय, दोनशे वर्षं उलटून गेली. मुंबईत किती जणांना ही माहीत आहे? तर शॅननच्या किटवर मी ट्रिंकोमालीचं नाव टाकणार आहे, बारीकसारीक फरक आहेत ते ह्या मापात मी माफ केलेत, डोलकाठ्या मात्र हिराच्या, म्हणजे निदान काहीतरी खरोखर इकडचं.

पुरवणीत शिडाच्या जहाजांवर परत काही छापणार असाल तर मुंबईच्या ह्या फ्रिगेटवर जरूर छापा. आणि फोटोतल्या मॉडेलवाल्यांना माझा निरोप द्या, झेंडा फेविकॉलनं लावला असेल तर कोमट पाण्याचा ब्रश पाचेक मिनिटं फिरवत राहा, अलगद सुटतो. फेविक्विकनं लावला असेल तर झेंड्याला हात लावू नका, शिडंच काढा, ते सोपं पडेल, फक्त वरच्या काठ्या खाली आणायला विसरू नका.

आपला,
एक वाचक, डोंबिवली