कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मॅडमना, जाहीर आभार

मॅडम,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत घेणं बरं नाही. त्या रात्री धाप लागलेल्या, ऐकू जवळपास न येणाऱ्या एका वयस्कर माणसाला तुम्ही तपासलंत. मी त्यांची मुलगी. बाबा आता घरी आहेत. चालताना थोडं थांबावं लागतं, पण जेवण पूर्वीसारखं सुरू झालंय.

पत्र लिहायला उशीर झाला, कारण आधी राग निवायला हवा होता. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही जिथे गेलो, तिथे बाबांना कुणी नीट तपासलंसुद्धा नाही. कोविडची झटपट चाचणी निगेटिव्ह आली आणि त्यांच्या लेखी विषय तिथेच मिटला. "साथ आहे, जाईल चार दिवसांत." सोबत एक अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडच्या गोळ्या. कशासाठी, म्हणून विचारलं तर "सगळ्यांना हेच देतोय." मधुमेह आहे, हृदयाचं दुखणं आहे, हे मी सांगत होते आणि समोरच्यांचं लक्ष पुढच्या पेशंटकडे गेलेलं. कोविड नसेल तर मग काय आहे, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. बाबांचं वय आणि आजार बघता तो पडायला हवा होता. हे मी अजून विसरू शकलेले नाही.

तुम्हाला तो पडला. तुम्ही सरळ सांगितलंत की ताप, खोकला, अंगदुखी, धाप हे फ्लूतही असतं, कोविडमध्येही आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूमुळेही. नुसतं बघून यातलं कुठलं ते कुणालाच ठरवता येत नाही. डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकून मला किती धीर आला म्हणून सांगू! आतापर्यंत सगळे खात्रीने बोलत होते आणि बाबा खालावत होते.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते कागदाबद्दल.

बाबा ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात. तिथे सगळ्यांच्याच तोंडाला मास्क. आल्यापासून त्यांच्या भोवती धावपळ चालली होती. नाकाशी ऑक्सिजन लागला, बोटाला चिमटा लागला, दंडाला पट्टा आवळला, आणि यातलं काय कशासाठी हे त्यांना कळत नव्हतं. घाबरून ते ऑक्सिजनची नळी ओढायला लागले. स्वॅब घ्यायचा म्हणून कुणीतरी त्यांचे हात धरायला पुढे आलं. तुम्ही त्यांना थांबवलंत. केसपेपर उलटा केलात, पाठकोरा होता, आणि मार्करने ठसठशीत लिहिलंत: "आजोबा, नाकात बारीक काडी घालून नमुना घ्यायचाय. खोलवर जाईल. डोळ्यांत पाणी येईल. नको वाटलं तर हात वर करा, मी थांबेन."

बाबांनी ते सावकाश वाचलं. मान हलवली आणि आपणहून डोकं मागे टेकवलं. मध्येच त्यांनी हात वर केला. आणि तुम्ही खरंच थांबलात! बाहेर पेशंटची रांग होती, कुणीतरी तुम्हाला हाका मारत होतं, तरी तुम्ही काडी बाहेर काढलीत आणि त्यांनी पुन्हा मान हलवेपर्यंत वाट बघितलीत. आजारी पडल्यापासून बाबांना कुणीतरी विचारलं, असं ते पहिल्यांदाच घडलं. नमुना नीट खोलवरून आला नाही तर विषाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, हे मला नंतर समजलं. म्हणजे तुमचं थांबणं हा तपासणीचाच भाग होता. पण तुम्ही ते तेवढ्यासाठी केलं नसणार, हे तुमच्याकडे बघून कळत होतं.

त्या एका काडीवरून तुम्ही तिन्ही विषाणूंची पीसीआर करायला पाठवलीत. रिपोर्टची वाट न बघता फ्लूचं औषध, ओसेल्टामिविर, लगेच सुरू केलंत. ते पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं आणि आमचे ते तास आधीच्या ठिकाणी वाया गेले होते. तरी दाखल करावं लागण्याइतक्या आजारी माणसाला उशिराही ते द्यावं, असं तुम्ही समजावलंत. दमा किंवा तसं काही नाही याची खात्री करून घेतलीत आणि स्टेरॉइड बंद केलंत. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविडच्या पेशंटचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचतात, हे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीने दाखवलं. फ्लूमध्ये मात्र दुसरं कारण नसेल तर स्टेरॉइड टाळायला सांगतात. धाप तीच, ऑक्सिजनचा आकडा तोच, आणि एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला बाधू शकते. "सगळ्यांना हेच देतोय" म्हणणाऱ्यांनी हे एकदा तरी वाचावं.

बाबांचा रिपोर्ट इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू, आला. पडद्यापलीकडच्या आजींचा खोकला ऐकून मला वाटलं होतं, दोघांचं एकच आहे. त्यांना आरएसव्ही निघाला. मी तो बाळांचा आजार समजत होते. त्यांची मुलगी सांगत होती की त्यावर फ्लूसारखं नेमकं औषध हाताशी नाही, श्वासाला आधार देत राहायचं. एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून तुम्ही दोघांना वेगळं ठेवायला लावलंत, आणि तेही आम्हाला न घाबरवता.

हुशार डॉक्टर पुष्कळ असतील. पण समोरचा माणूस म्हातारा आहे, बहिरा आहे, म्हणून त्याच्या डोक्यावरून नातेवाइकांशी बोलायचं नाही, हे किती जण पाळतात? वॉर्डात गेल्यावर बाबांच्या खाटेशी आलेल्या सिस्टरनी, मामांनी तोच कागद बघून पुढे लिहूनच विचारलं. तुम्ही एकीने सुरू केलं आणि सगळे तसे वागायला लागले. कुणी त्यांना तसा हुकूम दिला नव्हता.

फ्लूची लस आता दरवर्षी चुकवायची नाही, असं बाबांनीच ठरवलंय. आरएसव्हीची वयस्करांसाठीची लस घ्यावी का, हे त्यांना तुम्हालाच विचारायचंय. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा प्रश्न लिहूनच आणणार आहेत. यादी बरीच लांब झाली आहे, तेवढा वेळ काढा, मॅडम.

तुमची,
त्या आजोबांची मुलगी