पाणी वाहनतळातच मुरू द्या

‘तासाभराच्या पावसात पुण्यातील रस्ते पुन्हा पाण्याखाली’ या बातमीत पावसाळी गटारांच्या सफाईवर बोट ठेवले आहे, ते योग्यच. परंतु गटारांत एवढे पाणी येते कोठून, हा प्रश्न राहूनच गेला. एक हजार चौरस मीटरच्या काँक्रीटच्या वाहनतळावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ५० हजार लिटर पाणी, गाड्यांचे सांडलेले तेल सोबत घेऊन, रस्त्यावर येते. गाड्यांच्या दोन रांगांमध्ये उंच दुभाजकाऐवजी खोलगट पट्टा ठेवून त्यात खडी-वाळूच्या थरावर माती व झुडपे लावली, तर बरेचसे पाणी जागीच मुरेल. (वाहनतळावर काँक्रीटऐवजी पेव्हर ब्लॉक बसवले, पण त्यांखाली कोबा म्हणजे काँक्रीटचा पक्का थर घातला, तर मात्र पाणी मुरण्यासाठी त्यांचा उपयोग शून्य.) सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याचा पूर अनुभवलेल्या या शहरात महापालिकेने नव्या वाहनतळांना परवानगी देतानाच ही अट घालावी.

– एक वाचक, पुणे