आई, ती पुडी फेकून दे

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला गेलं की आई रडते आणि बाबा म्हणतात ठेव आता, बिल येतंय (बाबा, बिल येत नाही हो आता, अनलिमिटेड आहे), म्हणून लिहितेय. शेजारच्या पिंट्याकडून वाचून घेऊ नका, दोन बोटांनी अक्षर मोठं होतं, स्वतःच वाचा.

आधी पुडीचं. आई, मागच्या आठवड्यात घरी आले तेव्हा साबुदाण्याच्या डब्यामागे मला ती पांढरी पुडी मिळाली. "व्यक्तीच्या नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात असते तीच ना? चिडणार नाहीये मी, पण आधी ती फेकून दे. मी डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले आत काय आहे ते बघून सांगता येत नाही, पण डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध) असलं तर पेशंटला न सांगता देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. ते पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं, कधीकधी माणूस जातोसुद्धा. आणि गोळी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. श्रावणात त्या रात्री दादाचं तोंड लालबुंद झालं होतं आणि तो मोरीत ओकत बसला होता, आठवतंय? आपण म्हणालो लागू पडलं. तू देवाला साखर ठेवलीस गं.

आता बाबा, तुमचं. गणपतीसमोर तुम्ही त्याला शपथ घातलीत आणि त्याने खरंच त्या रात्रीपासून एक थेंब घेतला नाही. तुम्हाला वाटलं पोरगं शब्दाला जागलं, मलाही वाटलं. पण रोज तीन-चार क्वार्टर पिणारा, सकाळी उताऱ्याशिवाय ज्याचा हात चहाच्या कपापर्यंत पोचत नाही, अशा माणसाने एकदम बंद केली की शरीर उलटतं हे आपल्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडी आली, तुम्ही नाकाला कांदा लावलात. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉटवर तो हवेत स्टेअरिंग धरून बसला होता, मला म्हणाला मागे बघ गं, लोड हलतोय का, क्लच दबत नाहीये, आणि पायाने कॉटचा दांडा दाबत होता, घामाने चादर भिजलेली. आई, तू म्हणालीस बाहेरचं आहे, देवऋष्याला बोलावू. बाहेरचं नव्हतं. दारू तुटल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी असं होतं, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस त्यात मरतो. आपण घरी ग्लुकोजचं पाणी पाजत होतो आणि तिथे त्यांनी आधी व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन दिलं, मग सलाईन, कारण पिणाऱ्याच्या अंगात बी-वन राहिलेलंच नसतं आणि नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला धोका. म्हणजे शपथ खोटी नव्हती, फक्त दारू तोडायचं काम डॉक्टरांच्या हाताखाली व्हायला पाहिजे होतं.

पण ते सगळं आठवड्याभराचं काम. अवघड जे आहे ते आता आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याला ज्या व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं होतं (टाकलं हाच शब्द बरोबर आहे, गाडी पाठवून उचलून नेलं होतं) तिथे काय झालं ते त्याने मला आत्ता सांगितलं. पट्ट्याने मारायचे, संडास धुवायला लावायचे, औषध नाही, डॉक्टर नाही. सुटला त्या संध्याकाळी स्टँडसमोरच प्यायला बसला. म्हणून या वेळी केंद्राचं नाव काढलं की तो पळून जायचा, आणि आपण म्हणायचो बघा, सुधारायचंच नाही त्याला.

बाबा, तुम्ही पुलंचे एवढे भक्त, पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं त्यामागे त्यांची मदत होती हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतंत. मग दादाच्या वेळी "आपल्या घराण्यात असलं काही नाही" कसं हो? २०१९ ला एम्सचा सर्व्हे आला त्यात आहे की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळतो. उरलेले ३७ आपल्यासारख्याच घरांत असणार, कुणी पुडी देतंय, कुणी माळ घालतंय, कुणी सोयरीक बघतंय. आत्याने नव्हतं का सांगितलं, लग्न करा, आपोआप सुटेल. वहिनीच्या डोक्यावर बसली ती गोष्ट. आता प्लीज तिच्या माहेरी फोन करून "तू नीट सांभाळलं असतंस तर" म्हणू नका, ती यायची तेव्हा येईल.

मी तरी कुठे शहाणी? जीपेवर दोन-दोन हजार मीच पाठवत होते, डिझेलला म्हणायचा. टेम्पोच्या मालकाला दादाला टायफॉइड झालाय असं वर्षात तीनदा मीच सांगितलं. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, तुम्ही त्याला पडू दिलं नाहीत म्हणून त्याला लागलं नाही. राग आला मला. घरी येऊन भांडी घासताना पटलं.

खर्चाचं विचारत होतात. हॉस्पिटलचं बिल पॉलिसीत बसलं नाही, दारूने झालेलं काही धरत नाहीत, बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. माझी एफडी मोडलीय. तुम्ही पेन्शनीतून पाठवू नका, आणि उधारीवाले दारात आले तर एक रुपया देऊ नका, त्याची उधारी तो फेडेल.

शनिवारी त्याला सोडतायत. तल्लफ कमी करायची गोळी देणार आहेत, लिव्हरचे रिपोर्ट बघून, ती रोज समोर घ्यायची. आई, समोर म्हणजे समोर, चहातून नाही. आठवड्याला एएची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्याच गटाची, मीटिंग आहे. आणि तो परत प्यायला तर? पिऊ शकतो. पहिल्या काही महिन्यांत बरेच जण घसरतात असं ते आत्ताच सांगून ठेवतायत. तसं झालं तर दार लावून घ्यायचं नाही आणि झाकूनही ठेवायचं नाही, मला फोन करायचा, रात्री दोन वाजता असला तरी.

बाबा, अजून एक. लोखंडी कपाटात तुमच्या जुन्या तिकिटाच्या पेटीमागे रम आहे, गुडघ्याला चोळायला ठेवलेली. ती मोरीत ओता, कुणाला देऊ नका. दादाला ती माहीत आहे. त्यात पाणी घालून लेव्हल तो सारखी करायचा, त्यानेच हसत सांगितलं मला. म्हणजे तुम्ही वर्षभर गुडघ्याला पाणीच चोळताय.

शनिवारी सकाळच्या एसटीने या दोघं. अकराला नातेवाईकांची मीटिंग असते, बोलायला लागत नाही, नुसतं बसायचं. आई, शेंगदाण्याची चटणी आण, त्याने मागितलीय, हात आता एवढा थरथरत नाही, भाकरी स्वतः मोडतो. काल निघताना त्याने विचारलं, बाबा येणारेत का?

मी हो सांगून बसलेय.

तुमची,
मनी