पीटीचा तास ४० मिनिटांचा, पळणं किती मिनिटांचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहामाही जवळ आली की वेळापत्रकात पहिली कुऱ्हाड पीटीच्या तासावर पडते. तो तास बहुधा गणिताला जातो. गंमत अशी, की व्यायामाचा फायदा गणितातच दिसल्याचा दाखला आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ७ ते ११ वर्षांच्या, वजन जास्त असलेल्या १७१ मुलांना सुमारे तीन महिने शाळा सुटल्यावर रोज २० किंवा ४० मिनिटं धावपळीचे खेळ खेळवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांची आखणी करण्याची क्षमता आणि गणित सुधारलं, ४० मिनिटं खेळणाऱ्यांचं अधिक. वाचनात मात्र फरक दिसला नाही. तेव्हा खेळलं की सगळ्याच विषयांत गुण वाढतात, असं आम्ही म्हणणार नाही.

पण तास वाचवून भागत नाही, त्यात मूल हललं पाहिजे. ६० मुलांचा वर्ग जिना उतरून, रांगा लावून, हजेरी देईपर्यंत दहा मिनिटं जातात. मग लांब उडी असेल तर एक उडी मारतो, ५९ बघतात. खो-खोतही आठ पाठलाग करणारे बसलेले असतात. एक धावतो आणि तिघे पळतात. शंका असेल त्यांनी वर्गातलं कुठलंही एक मूल निवडावं आणि त्याचे पाय हलतील तेवढाच वेळ स्टॉपवॉच चालू ठेवावं. आकडा बघून मुख्याध्यापकही चमकतील.

उपाय बिनखर्चाचा आहे. चुन्याने सहा चौकोन आखावेत, प्रत्येकात दहा मुलं. लंगडी, विषामृत, साखळी असे खेळ एकाच वेळी सहा ठिकाणी चालू द्यावेत. बाद झालेल्याला बसवू नये. सगळ्यात आधी बाद होतं ते दमाने कच्चं मूल, म्हणजे ज्याला खेळाची गरज जास्त तेच उरलेला तास मातीत रेघोट्या ओढतं. त्याने मैदानाला एक फेरी मारून पुन्हा आत यावं.

जोर किती हवा? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतका. इलिनॉय विद्यापीठातल्या २००९ च्या प्रयोगात नऊ-दहा वर्षांची मुलं २० मिनिटं चालली, तेव्हा नाडी कमाल वेगाच्या ६० टक्क्यांवर ठेवली होती. या वयात ते साधारण १५ सेकंदांत ३० ठोके होतात. त्यानंतर फसव्या खुणा सोडून फक्त मधल्या खुणेकडे बघायच्या चाचणीत मुलांच्या चुका कमी झाल्या. शाब्दिक उदाहरणातला नको तो आकडा बाजूला सारायलाही हेच लागतं. मात्र ही चाचणी घेतली होती नाडी खाली आल्यावर. खेळून आलेल्या मुलांना धापा टाकतच फळ्यासमोर बसवलं तर काही हाती लागत नाही. पाणी पिऊन पाच-दहा मिनिटं जाऊ द्यावीत, मग गणित घ्यावं. म्हणून पीटी शेवटच्या तासाला नको, गणिताच्या आधी हवी; उन्हाळ्यात तर सकाळीच.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो आणि तास वर्गात ‘शांत बसा’मध्ये संपतो. बाकं भिंतीला सरकवून एक मिनिट जागेवर धावणं, अर्धा मिनिट थांबणं, अशा दहा फेऱ्या पंधरा मिनिटांत होतात. फक्त खालच्या मजल्यावरच्या वर्गाला आधी सांगून ठेवावं.

आपले,
दोन शारीरिक शिक्षण शिक्षक, सातारा